चाळीची सार्वजनिक सत्यनारायण पूजा आणि रात्री चौकात पिक्चर: २६ जानेवारीचं नियोजन

दुसरा_माळा
नमस्कार मंडळी. चाळ लालबागची, तीन माळे, ६४ खोल्या, मध्ये साधारण ३० बाय ५० फुटांचा चौक. दरवर्षीप्रमाणे २६ जानेवारीला सार्वजनिक पूजा आहे. जुन्या समितीतले काका-मामा आता म्हणतात, पोरांनो तुम्ही बघा. बेत असा: सकाळी ८ला झेंडावंदन, मग पूजा, दुपारी बायकांचं हळदीकुंकू, संध्याकाळी आरती आणि रात्री चौकात पडदा लावून पिक्चर. महाप्रसादाचं जेवण नाही. शिरा, तीर्थ आणि चहा, बस्स. माणसं पाहुणे धरून साडेतीनशे.
खर्च किती येईल हे विचारत नाही. कशात काय बिनसतं आणि का, ते जाणकारांनी सांगावं. शिऱ्याचं प्रमाण आणि पडद्याची भानगड, दोन्हींबद्दल सविस्तर हवंय.

पोथीवाचक
आधी कॅलेंडर बघा. २०२६ साली रथसप्तमी रविवारी, २५ जानेवारीला आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत असतं. २६ला ठेवलंत तर एक दिवस उशीर, आणि ही चूक चाळीतल्या आज्या पत्रक लागल्यापासून पाच मिनिटांत काढतील. ते आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी घ्या. सोमवारची दुपारही मोकळी मिळेल.

पूजेच्या वेळेचं म्हणाल तर पोथीत दिवसाचं बंधन नाही. 'यस्मिन् कस्मिन् दिने' म्हणजे कुठल्याही दिवशी. वेळ मात्र सांगितली आहे 'निशामुखे', म्हणजे दिवेलागणीला. सकाळची पूजा ही सोय आहे, शास्त्र नव्हे. पण रात्री पिक्चर ठेवायचा असेल तर सकाळी पूजा आणि दिवेलागणीला महाआरती असं वाटून घ्या. दोन्ही संध्याकाळी कोंबायला गेलात तर कथेचे शेवटचे दोन अध्याय गुरुजी पळवतात, आणि लोकांना साधुवाण्याची नौका बुडाली की तरली तेही कळत नाही.

अक्षता
हळदीकुंकवाबद्दल अनुमोदन. २५ला रविवार आहे, नोकरीवाल्या पण येतील. वाणाच्या पिशव्या आदल्या रात्री भरून ठेवा, एका पिशवीत तिळगूळ, वाण आणि फूल. ऐन वेळी भरत बसलं की जिन्यात रांग लागते.
झेंड्याच्या काठीला पूजेचं तोरण, केळीचा खांब, लायटिंगची माळ काहीही बांधायचं नाही. ध्वजसंहितेत बसत नाही आणि दिसायलाही बरं नाही. दोन वेगळे कोपरे ठरवा.

दुसरा_माळा
रथसप्तमीचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद काका. हळदीकुंकू २५ला पक्कं. आता शिरा?

तूपरवा
लिहितो. जरा लांबेल.

पोथीतलं प्रमाण 'सपाद' म्हणजे सव्वा. केळी, तूप, दूध, गव्हाचं पीठ, ते नसेल तर तांदळाचं, आणि साखर किंवा गूळ. आपल्याकडे पिठाच्या जागी रवा आला. एक घाण, म्हणजे एका वेळी टोपात करायचा शिरा, धरा सव्वा किलोचा:

रवा सव्वा किलो, मध्यम. अगदी बारीक घेतला तर लगदा होतो, लापशीइतका जाड घेतला तर आतून कच्चा राहतो. तूप सव्वा किलो. साखर सव्वा किलो. दूध आणि पाणी मिळून साडेतीन लिटर, त्यात दूध निम्म्यापेक्षा जास्त. वेलची केळी १२ ते १५. वेलदोड्याची पूड १० ग्रॅम. काजू आणि बेदाणे १००-१०० ग्रॅम, वेगळे तळून. जायफळ चिमटीने, जास्त झालं तर कडवट लागतं.

यातून आटून सात किलोच्या आसपास शिरा होतो. लहान द्रोणात ५० ग्रॅम वाढलात तर १४० द्रोण. साडेतीनशे माणसांना तीन घाण करा, थोडा उरेल.

कृती: जाड बुडाच्या टोपात ९०० ग्रॅम तूप घ्या, बाकीचं राखून ठेवा. तूप गरम झालं की रवा. आच मध्यमपेक्षा कमी. इतक्या रव्याला २० ते २५ मिनिटं लागतात, घाई केली की तळ लाल आणि वरचा पांढरा. झाला कसा ओळखायचा? उलथणं हलकं चालायला लागतं, कडेला तूप सुटतं, रंग फिका बदामी. मग केळ्याच्या चकत्या त्याच रव्यात टाकून तीन-चार मिनिटं परता. केळं शेवटी कच्चं घातलं की शिरा तासाभरात काळपट पडतो. तापलेल्या तुपात परतलं की काळं पडण्याची क्रिया थांबते. लोखंडी कढई असेल तर काळेपणा आणखी वाढतो, म्हणून पितळेचा कल्हईचा किंवा स्टीलचा टोप.

दूध-पाणी शेजारच्या शेगडीवर उकळतंच हवं. गार दूध घातलं की गुठळ्या झाल्याच समजा. आच बारीक करून तीन वेळा मिळून ओता आणि हात लांब ठेवा, वाफ फसकन वर येते. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं. रवा फुलला, बोटात दाबून कणी लागत नाही, मगच साखर. हा क्रम उलटा झाला की शिरा बिघडतो: साखर पाणी ओढून घेते, रवा फुलायचा राहतो आणि मग कितीही वाफ द्या, दाताखाली कचकच राहतेच. साखर घातली की शिरा पातळ होतो, घाबरू नका. हलवत राहिलात की पाच-सात मिनिटांत कडा सोडतो. आता राखलेलं तूप, वेलदोडा, सुका मेवा.

गिरणगाव_जुना
तीन घाण कशाला? तिप्पट सामान घालून एकदम मोठ्या टोपात करा की. आणि तिप्पट म्हणजे पावणेचार किलो, त्यात सव्वा कुठे राहिला?

तूपरवा
गिरणगावदादा, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच. वेगवेगळे तीन घाण केले की प्रत्येक घाण सव्वाचाच राहतो, मान राखला जातो. आणि पावणेचार किलो रवा एका टोपात हाताने भाजणं हे रोजच्या आचाऱ्याचं काम आहे. चाळीतल्या हौशी माणसाचा खांदा दहाव्या मिनिटाला दुखतो, हात थांबतो आणि तळ लागतो. लागल्याचा वास संपूर्ण टोपभर जातो, तो कशानेही जात नाही.
शिवाय माणसं दिवसभर दर्शनाला येतात. पहिला घाण सकाळी साडेदहापर्यंत नैवेद्यासाठी, दुसरा चारला, तिसरा सहाला. सगळ्यांना गरम मिळतो. दूध-केळ्याचा शिरा गरम टोपात झाकण लावून सहा तास ठेवला तर आंबूस वास धरतो. झाकणाखाली कोरडं फडकं ताणून ठेवा, म्हणजे वाफेचं पाणी परत शिऱ्यात पडत नाही.

अक्षता
साखरेऐवजी गूळ घालायचा असेल तर टोप उतरवून, रटरटणं थांबल्यावर घाला. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं.
पंचामृताचं प्रमाण: दूध १ लिटर, दही पाव किलो, साखर १०० ग्रॅम, मध आणि तूप दोन-दोन मोठे चमचे. तांब्याच्या भांड्यात ठेवू नका. दह्याच्या आंबटाने तांबं उतरतं, पंचामृत कळकतं आणि पोटात ढवळतं. चांदीचं नाहीतर स्टीलचं. एकदम पाच लिटर करून ठेवू नका, दोन तासांनी लहान घाण नवीन करा.

मीठमिरची
उपवासवाल्यांचं काय? प्रसाद नाकारायचा नाही अशी ती कथा, आणि रव्याने उपवास मोडतो. दर वर्षी जिन्यात याच्यावर वाद.

पोथीवाचक
साधुवाण्याची मुलगी कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली आणि नौका दिसेनाशी झाली, ती ही कथा. पण प्रसाद म्हणजे शिराच असं पोथी म्हणत नाही. केळं आणि दूध त्याच यादीत आहेत. उपवासवाल्याला नैवेद्यातलं केळं द्या, प्रसाद पोचला. मधुमेहवाल्यांना चिमूटभर. वाढणाऱ्याने 'घ्या हो, एवढ्याने काय होतं' हा आग्रह तेवढा करू नये.

दुसरा_माळा
पूजेला बसायचं जोडपं ठरवताना गोंधळ आहे. नवीन लग्न झालेलं एकच जोडपं, ते त्या दिवशी गावी. एका वहिनींनी बसायची इच्छा सांगितली आहे, त्यांचे मिस्टर बोटीवर असतात. काहींचं म्हणणं एकटीने कसं बसायचं.

पोथीवाचक
ज्यांचं हे म्हणणं आहे त्यांना तिसरा अध्याय वाचायला सांगा. साधुवाणी आणि त्याचा जावई चंद्रकेतू राजाच्या कैदेत असतात. घरी चोरी होते, खायची भ्रांत. कलावती एका ब्राह्मणाच्या घरी ही पूजा बघते, आईला येऊन सांगते, आणि लीलावती स्वतः पूजा करते. नवरा तुरुंगात! त्या पूजेनंतर राजाला स्वप्न पडतं आणि दोघे सुटतात. दुसऱ्या अध्यायातला मोळीविक्या बसला तोही आप्तेष्टांना घेऊन. जोडप्याचा नियम रूढीचा आहे, कथेचा नाही. मिस्टर बोटीवर असलेल्या वहिनी तर लीलावतीच्या जागी बरोब्बर बसतात.

गिरणगाव_जुना
काका, हे माहीत नव्हतं. पण गुरुजी ऐकतील का?

पोथीवाचक
आधी विचारा, ऐन वेळी नको. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी सगळ्या जातींच्या स्त्री-पुरुषांना पौरोहित्य शिकवते, मुंबईतही स्त्री पुरोहित मिळतात. २६ जानेवारीला सुट्टी म्हणून एकेका गुरुजींच्या तीन-तीन पूजा असतात. तुम्ही पहिली वेळ मागा, साडेनऊची. दुसरी घेतलीत तर आधीच्या घरचा उशीर तुमच्या अंगावर येतो. पूजा आणि कथा मिळून दोन तास धरा. पाच अध्याय मराठीत, चाळीतल्याच पाच जणांनी वाचले तर ऐकणारे बसून राहतात, प्रत्येकी सहा-सात मिनिटं. वाचणाऱ्यांना पोथी चार दिवस आधी द्या, 'उल्कामुख' आणि 'तुंगध्वज' या नावांवर नवखे अडखळतात.

फूलपुडी
मांडणीचं कुणीच लिहिलं नाही अजून.
चौरंग दोन फुटी. केळीचे खांब चार, चार-साडेचार फुटांचे, बुंधा मनगटापेक्षा जाड. त्याहून उंच आणलेत की डोकं जड होऊन कलतात. नुसते चौरंगाच्या पायाला बांधले तर पूजेच्या मध्यात एक तरी वाकतोच. पायाशी एक आणि चौरंगाच्या पाटीला एक अशा दोन ठिकाणी सुतळी, आणि वर चारही खांब बांबूच्या पातळ कामटीने एकमेकांना जोडा. त्या कामटीवर झेंडूचं तोरण येतं, म्हणजे बांधणी झाकली जाते.
खांब, आंब्याचे डहाळे, तुळस, फुलं आदल्या पहाटे दादरच्या फूलबाजारातून. पहाटे लवकर गेलात तर खांब निवडून मिळतात, उशिरा गेलात की चिरलेल्या पानांचे उरतात. घरी आणल्यावर बुंधे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत उभे.
कलश: तांदळाच्या राशीवर तांब्या, त्यात पाणी, सुपारी, नाणं, पानं. त्यावर तांदळाचं ताम्हन आणि ताम्हनात बाळकृष्ण किंवा शाळिग्राम. डुगडुगतं ते इथे. तांब्याचं तोंड अरुंद आणि ताम्हन मोठं असलं की अभिषेकाला हात लागताच कलंडतं. तोंड रुंद असलेला तांब्या घ्या, ताम्हन तोंडाच्या दुपटीहून मोठं नको, आणि आंब्याची पानं आत खोलवर सारा, देठांची उंची सारखी. देठ वरखाली असले तर ताम्हन तिरकं बसतं.
सुपाऱ्या, हळकुंड, बदाम वगैरे मोजून गुरुजींच्या यादीप्रमाणे. यादी प्रत्येकाची वेगळी असते, नेटवरची छापून नेऊ नका. चौक उघडा, वारा येणार, म्हणून समईला काचेची चिमणी.

टॉवरवासी
जे पुनर्विकासानंतर टॉवरमध्ये गेलेत त्यांच्यासाठी एक जोड. पूजा लॉबीत किंवा हॉलमध्ये असेल तर छतावर धूर ओळखणारे सेन्सर असतात. धूप आणि कापूर त्यांच्या बरोबर खाली पेटवलात की महाआरतीत फायर अलार्म, लिफ्ट तळमजल्यावर येऊन बंद. व्यवस्थापनाला आधी लेखी कळवा आणि मांडणी सेन्सरपासून लांब, दाराजवळ करा. सेन्सरला प्लास्टिकची पिशवी बांधायचा उद्योग कुणी सुचवेल, अजिबात करू नका.

दुसरा_माळा
आम्ही अजून चौकातच आहोत, देवाच्या कृपेने. आता पडदा, आवाज आणि परवानगी. पोरांचं मत नवीन सुपरहिट लावायचा, मोठ्यांचं मत देवाधर्माचा. आवाजावरून गेल्या खेपेला शेजारच्या इमारतीची तक्रार होती.

नियमावर_बोट
परवानगीचं थोडक्यात. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार १२पर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस जाहीर होतात, तुमची पूजा आहे म्हणून मिळत नाहीत. राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. स्थानिक पोलीस ठाण्यात लाऊडस्पीकरसाठी अर्ज आधीच द्या, शिक्क्याची प्रत स्पीकरशेजारी ठेवा.

पिक्चरचं वेगळं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये खऱ्या धार्मिक समारंभात गाणी वाजवायला सूट आहे. त्यावर लोक समजतात की सगळंच चालतं. ती सूट संगीताला आणि ध्वनिमुद्रणाला आहे, चित्रपटाला नाही. आणि पूजा आटोपल्यावर रात्री नाच-गाणी लावलीत तर ती 'समारंभाच्या ओघात' होती हे पटवणं अवघड. घरच्या ओटीटी खात्यावरून चौकात साडेतीनशे लोकांना दाखवणं त्या खात्याच्या अटींतही बसत नाही. वितरकाकडून सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी घ्या, छोट्या सोसायट्यांना देतात.

मुलं असणार, म्हणून प्रमाणपत्र बघा: आता यूए मध्येही ७+, १३+, १६+ असे भाग आहेत. 'यू' किंवा 'यूए ७+' च्या पलीकडे जाऊ नका.

मीठमिरची
जुना लावला तर परवानगी लागत नाही ना? साठ वर्षांचं काहीतरी ऐकलंय.

नियमावर_बोट
चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे जानेवारी २०२६मध्ये १९६५पर्यंतचे चित्रपट त्या मुदतीबाहेर. पण कथालेखक, गीतकार, संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, तो वेगळा मोजायचा. प्रभातचा १९३६चा 'संत तुकाराम' चित्रपट म्हणून कधीच मोकळा झाला, तरी त्यातल्या मूळ गाण्यांचा हिशेब स्वतंत्र. तेव्हा जुन्यालाही एक फोन करून खात्री करावी.

गिरणगाव_जुना
'संत तुकाराम' लावा हो. पोरं आधी कुरकुरतील, वैकुंठगमनाला मोबाइल खाली ठेवतील.

वायरमन_परळ
पडद्याचं मी सांगतो. क्रमाने वाचा.

आकार: १० फूट रुंद, साडेपाच फूट उंचीला थोडं जास्त (१६:९). चौक ३० फूट रुंद आहे तेव्हा याहून मोठा लावू नका. पुढच्या रांगेला मान वर करावी लागते आणि तिसऱ्या माळ्याच्या गॅलरीला कोपराच दिसतो.

अंतर: प्रोजेक्टरच्या माहितीत 'थ्रो रेशो' असतो. तो गुणिले पडद्याची रुंदी म्हणजे अंतर. रेशो १.५ तर १० फुटांच्या पडद्याला १५ फूट. म्हणजे प्रोजेक्टर माणसांच्या मधोमध येतो आणि उठणाऱ्या प्रत्येकाचं डोकं पडद्यावर. दोन उपाय: शॉर्ट थ्रोवाला भाड्याने घ्या, रेशो ०.५, पाच फुटांवर बसतो. नाहीतर मोठ्या रेशोचा घेऊन समोरच्या पहिल्या माळ्याच्या गॅलरीतून टाका. गॅलरीतून टाकलात तर चित्र वर निमुळतं होतं, ते प्रोजेक्टरमधल्या कीस्टोन सोयीने सरळ होतं पण प्रकाश आणि धार कमी होते. पडद्याची वरची कड पाच-सहा इंच मागे कलवलीत तर कीस्टोन कमी लागतो.

प्रकाश: ३००० एएनएसआय लुमेन किमान. 'एएनएसआय' (प्रमाणित पद्धतीने मोजलेला) हा शब्द बघा. स्वस्त एलईडी खोक्यांवर नुसते लुमेन लिहून वाट्टेल ते आकडे छापलेले असतात, ते चौकात फिक्कट दुधासारखं चित्र देतात. गॅलऱ्यांमधले दिवे कोण बंद करणार ते माळ्यानुसार आधी ठरवा. जिन्यातला दिवा मात्र चालू ठेवायचा.

कापड: पांढरं जाड पॉपलीन. पातळ कापडातून प्रकाश आरपार जातो, समोरचं चित्र फिकं पडतं. मागे काळं कापड जोडलंत की दुरुस्त. मागच्या बाजूनेही बसायचंय म्हणून कुणी काळं कापड काढायला लावेल, त्यांना सांगा की तिकडून पाट्या उलट्या वाचायला लागतील आणि सगळे नट डावखुरे दिसतील. वरची कड बांबूत ओवा, खालची पीव्हीसी पाइपमध्ये. संध्याकाळी खाडीचा-समुद्राचा वारा हमखास. चारही कोपरे नायलॉन दोरीने ताठ बांधले की झोत आल्यावर शिवण फाटते. खालच्या दोन कोपऱ्यांना दोरीऐवजी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधा, कापड थोडं फुगतं आणि परत जागेवर येतं.

वेळ: २६ जानेवारीला मुंबईत सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास, सातला पुरेसा अंधार. सव्वासातला सुरू. १०ला आवाज बंद म्हणजे हातात पावणेतीन तास. दहा मिनिटं मध्यंतर, दहा मिनिटं सुरुवातीचा गोंधळ. दोन तास पंचवीस मिनिटांपेक्षा लांब पिक्चर घेऊच नका. क्लायमॅक्सला आवाज बंद करायची पाळी आली की समितीचं काही खरं नसतं.

दुसरा_माळा
वायरमनदादा, जबरदस्त. वायर आणि आवाजाचं पण सांगा.

वायरमन_परळ
एचडीएमआयची साधी वायर १० मीटरच्या पुढे दगा देते, चित्र लुकलुकतं किंवा जातं. म्हणून लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवा आणि लांब वायर आवाजाची ओढा. ब्लूटूथ स्पीकर नको, ओठ आणि शब्द जुळत नाहीत.
स्पीकरमधून घूंऽ असा आवाज आला तर लॅपटॉप आणि अँप्लिफायर वेगवेगळ्या खोल्यांच्या मीटरवर आहेत हे ओळखा. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, आवाज गेला तर दोष अर्थिंगचा.
एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडायची. गुंडाळलेल्या रिळीवर भार टाकला की आतली वायर तापून चिकटते. पाण्याच्या पंपाच्या मीटरवरून काहीही घेऊ नका, पंप सुरू होताना दाब पडतो आणि प्रोजेक्टर बंद पडतो.
दोन मोठ्या स्पीकरऐवजी चार लहान, चौकाच्या चार बाजूंना, खाली तोंड करून. आवाज माणसांवर पडतो, शेजारच्या इमारतीवर नाही. तक्रार बहुतेक याने मिटेल.

फूलपुडी
कथेच्या माइकचं पण सांगा ना. दर वेळी शंख वाजला की किंकाळी.

वायरमन_परळ
शंख आणि घंटा माइकपासून चार फूट लांब. वाचणाऱ्याचा माइक स्पीकरच्या मागे हवा, पुढे आला की शिट्टी मारतो. आरतीला एकच माइक, तोही ज्याचा ठेका पक्का त्याच्यासमोर. आवाज मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे तिसऱ्या माळ्याच्या टोकाला ऐकू येईपर्यंत ठेका मागे पडतो. तिथल्या लोकांनी टाळ वाजवले की ते खाली आणखी उशिरा पोचतात, आणि 'घालीन लोटांगण' दोन गटांत फुटतं. वरच्यांनी टाळ्या वाजवाव्यात, टाळ खालीच.

अक्षता
आणि आरत्या मोबाइलवर ऑनलाइन लावू नका, 'जय देव जय देव'ला मध्येच डोकेदुखीच्या गोळीची जाहिरात येते. गाणारं कुणीच नसेल तर आधी विकत घेऊन उतरवून ठेवा. पण ६४ खोल्यांत चार गळे निघतीलच.

मीठमिरची
सिनेमाच्या चालींवरची भजनं लावायची का? पोरांनी यादी काढली आहे.

गिरणगाव_जुना
पूजा चालू असताना नको. दुपारी लावा. त्यात एवढं पाप काही नाही, एकेकाळी नाट्यपदांच्या चालींवर भजनं बसवायचेच.

पोथीवाचक
सहमत. कथा चालू असताना पूर्ण शांतता, एवढीच अट.

दुसरा_माळा
शेवटचे दोन प्रश्न. द्रोण कसले? आणि दुसऱ्या दिवशी खांब-फुलांचं काय करायचं?

तूपरवा
पळसाच्या पानांचे. थर्मोकोल आणि प्लास्टिकच्या ताटवाट्यांवर राज्यात २०१८पासून बंदी आहे. पानांचे द्रोण आदल्या रात्री ओल्या फडक्यात ठेवा, कोरडे असले की तुपाने टोचणीपाशी गळतात. साडेचारशे घ्या, दहातले एक-दोन फाटके निघतातच. भट्टीची शेगडी आणि व्यावसायिक सिलिंडर भाड्याने, उघड्या चौकात. जिन्याखाली किंवा पॅसेजमध्ये भट्टी लावायची नाही, सिलिंडर आडवा ठेवायचा नाही.

फूलपुडी
उत्तरपूजा झाल्याशिवाय मांडणीला हात लावू नका, ती संध्याकाळच्या आरतीनंतर करून घेतलीत तर पिक्चरच्या आधी चौक मोकळा. तांदूळ-सुपाऱ्या गुरुजींच्या. फुलं, पानं सुतळी आणि प्लास्टिकची जर काढून महापालिकेच्या निर्माल्य कलशात. केळीच्या खांबात नुसतं पाणी असतं, अख्खे टाकले तर चार दिवसांत वास मारतात. कोयत्याने वीतभर तुकडे करून कुंड्यांत किंवा खतासाठी द्या. कोयता फूलवाल्याकडूनच मागून ठेवा, चाळीत ऐन वेळी मिळत नाही.

नियमावर_बोट
वर्गणी चाळीतच घेताय ना? बाहेर दुकानांमधून पावतीपुस्तक फिरवणार असाल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी.

दुसरा_माळा
फक्त चाळीतच, दादा. यादी छापून नोटीस बोर्डावर लावतो. वहिनींना पूजेला बसायचं पक्कं सांगितलं, तिसरा अध्याय त्यांनीच वाचायला मागितला आहे. गुरुजींची साडेनऊची वेळ मिळाली. पिक्चरवर आज रात्री मतदान.

वायरमन_परळ
मतदान कितीही होऊ दे, पिक्चरची फाइल आदल्या रात्री पूर्ण चालवून बघा. आणि संपल्यावर दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर बटणावरून बंद करून पंखा थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही. वायर गोळा करणाऱ्या उत्साही पोरांना हे आधी सांगून ठेवा.